ओल्या हातांची बाधा

बडनेऱ्याच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी कोणाचंही लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नापेक्षा मोठा होता. आत नादनाथ महाराजांचा दरबार भरला होता. अमरावतीहून ऑटो भरभरून माणसं येत होती, अकोल्याकडची गाडी लागली की आणखी एक लोंढा आत शिरत होता. व्यासपीठावर चंदनी पाट, पाटावर दोन पितळी पादुका, एकमेकींपासून हातभर लांब. तीर्थ घ्यायचं, उरलेलं दोन्ही तळव्यांना चोळायचं आणि एकेका पादुकेवर एकेक हात टेकवायचा. बाधा असली की पाटातून 'उंऽऽ' असा सूर निघे. बाधा जितकी जुनी तितका सूर चढा. मग महाराज मंत्र म्हणत, तळव्यांना सुगंधी विभूती चोळत आणि पुन्हा हात ठेवायला सांगत. आता पाट गप्प. सगळा मांडव सुटकेचा श्वास टाकी.

महाराजांचं बोलणं मोठं गोड. हेही विज्ञानच आहे, फक्त पुढच्या इयत्तेचं, असं ते सांगत. परदेशातले शास्त्रज्ञ म्हणे विचारून विचारून थकले, पण महाराजांनी उत्तर दिलं नाही, कारण विचारताना त्यांनी बूट काढले नव्हते.

तिसऱ्या रांगेत प्राजक्ता बसली होती. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. आपण फक्त बघायला आलोय, असं ती स्वतःला समजावत होती. मात्र बघायला आलेली माणसं नंबराचं टोकन घेत नाहीत, हे तिला कळत होतं. शेजारच्या मैनाबाईंनी आग्रह केला म्हणून आले, असंही एक कारण तिनं तयार ठेवलं होतं.

खरं कारण तिच्या मांडीला टेकून बसलं होतं. पौर्णिमा दुसरीत होती आणि बोलताना अडखळत होती. डॉक्टर म्हणाले होते, घाई करू नका, तिला बोलू द्या. पण घाई न करणं प्राजक्ताच्या स्वभावातच नव्हतं. मुलगी झोपली की ती श्वास घेतेय ना, हे प्राजक्ता अजूनही नाकाशी बोट धरून पाहायची. पर्समध्ये थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि बेबी पावडरचा डबा कायम असे. पावडर लावण्याजोगं बाळ घरात उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आणि पौर्णिमाचा शब्द अडकला की पुढचं वाक्य आईच पूर्ण करून टाकायची, तेही बहुतेक वेळा चुकीचं.

नंबर आला तेव्हा पौर्णिमा पादुकांना हात लावायला तयार होईना. मग मुलीच्या वतीनं आईनं तळवे टेकवले. पाट असा काही किंचाळला की मागच्या रांगेतलं तान्हं जागं झालं. इतका चढा सूर त्या दिवशी कोणाचाच निघाला नव्हता. महाराजांनी डोळे मिटले आणि पोरगी सुट्टीच्या दिवशी काय करते, असं विचारलं. पुढचं मैनाबाईंनीच सांगितलं. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलांची कार्यशाळा भरते, तिथं लोकांनी टाकून दिलेले मोबाइल, रेडिओ, खेळणी उघडून पोरं काहीबाही बनवतात.

"मेलेल्यांचे फोन आहेत ते, बाई," महाराज हळूच म्हणाले. "कोणाकोणाच्या शेवटच्या हाका त्यात अडकल्यात. पोरगी फोन उघडते, अन् हाक तिच्या गळ्यात जाऊन बसते."

उपाय ठरला. कार्यशाळा बंद, आणि पौर्णिमानं सव्वा महिना मौन धरायचं. पुढच्या गुरुवारी संकल्प. तोवर तात्पुरता बंदोबस्त म्हणून महाराजांनी प्राजक्ताच्या तळव्यांना विभूती चोळली. तिचा वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते काही तिला आठवेना.

घरी सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, ऐकून घेतलं. त्या बाळापूरकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. घरात देवाला पहिला दिवा त्याच लावत, पण बुवा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"आवाज तुया हाताचा झाला, अन् मौन पोट्टीनं काहून धराव?" त्यांनी विचारलं. "येवढं शिकली तं मले येवढं सांग."

प्राजक्ताला रात्रभर शेवटच्या हाका ऐकू येत राहिल्या. घरातला बंद पडलेला मिक्सरसुद्धा तिनं माळ्यावर टाकून दिला.

रविवारी ती पौर्णिमाचं नाव काढायला कार्यशाळेत गेली. खोलीत जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर खोक्यांत लावून ठेवलेलं भंगार: एका खोक्यात तारा, एकात स्पीकर, एकात मोटारी. चालवणाऱ्या नाजिया मॅडम कॉलेजात शिकवायच्या, रविवारी अकोल्याहून यायच्या. इथला नियम एवढाच की एकट्यानं काही करायचं नाही. आणि ज्यानं जोडलं त्यानंच समजावून सांगायचं, मध्ये कोणी शब्द पुरवायचा नाही.

प्राजक्तानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पौर्णिमानं तिचा हात धरून तिला मुलांच्या गोलात ओढलं. मध्ये एक मोडकं खेळणं, त्याला दोन तारा, तारांच्या टोकांना बाटल्यांची दोन पत्र्याची झाकणं. एका टोकाच्या मुलानं एका झाकणावर बोट ठेवलेलं, दुसऱ्या टोकाला जिब्रान नावाच्या मुलाचं बोट दुसऱ्या झाकणावर. मधल्या सगळ्यांनी हात धरले. प्राजक्तानं हात दिला आणि खेळणं किंचाळलं.

तोच सूर. तिनं हात झटकून सोडला, आवाज बंद. बाधा घरून आपल्यामागं चालत इथवर आली, अशी तिची खात्री पटली.

"आई, तुझे ह... ह..." पौर्णिमा सांगू लागली.

"हाल? हट्ट?" प्राजक्ता घाईघाईनं म्हणाली.

नाजियानं तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. "इथं आयांनाही नियम लागू आहे, ताई. थांबा जरा."

सगळे थांबले. पौर्णिमाला किती वेळ लागला ते कोणी मोजलं नाही. "हात ओले आहेत," तिनं वाक्य संपवलं. मग दमानं पुढचंही सांगितलं. आपल्या अंगातून थोडीशी वीज जाते, ती गोल फिरून आली की खेळणं वाजतं. ओल्या हातातून जास्त जाते, कोरड्यातून अगदी कमी. कोणी घाबरलं की त्याचे हात ओले होतात, म्हणून ते जोरात वाजतं. हे सगळं तिनं आणि जिब्राननं मिळून शोधलं होतं.

प्राजक्तानं तळवे पाहिले. ते चकाकत होते. लहानपणापासून परीक्षेत, इस्पितळात, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी तिचे हात असेच भिजत. तिनं पर्समधून बेबी पावडरचा डबा काढला, हात चांगले माखले आणि पुन्हा गोलात उभी राहिली. खेळणं कसंबसं कुरकुरलं आणि थांबलं. तिनं तळवे नाकाशी नेले. महाराजांच्या विभूतीचा वास तोच होता.

त्वचेचा विद्युतरोध यावर तिनं कधीकाळी दोन पानी उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. उत्तर कागदावर राहिलं होतं आणि हात पादुकांवर गेले होते. तीर्थानं ओले करायचे, पावडरीनं कोरडे करायचे, आणि मध्ये मंत्र म्हणायचा. जो जास्त घाबरेल त्याची बाधा मोठी. भित्र्या आया तर आयत्याच सापडलेल्या. मुलीचं नाव काढायचं राहूनच गेलं.

गुरुवारी संकल्पाला तिघी गेल्या. काय करायचं ते पौर्णिमानं ठरवलं होतं. कार्यशाळेच्या भाषेत त्याला 'गोल' म्हणत. तिघींनी तीर्थ भरपूर चोळून घेतलं. पौर्णिमानं या वेळी न घाबरता डाव्या पादुकेवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं आईचा हात धरला. सत्यभामाबाई आधाराला म्हणून उजव्या पादुकेवर हात टेकून बसल्या. महाराजांनी संकल्प सोडायला प्राजक्ताचा मोकळा हात आपल्या ओल्या हातात घेतला. पाट गप्प होता.

मग सत्यभामाबाईंनी वाकून महाराजांच्या पायाला दुसरा हात लावला. दिवसभर तीर्थ सांडून ते पाय भिजलेलेच होते.

'उंऽऽ.'

त्यांनी हात उचलला, पाट गप्प. पुन्हा भक्तिभावानं लावला, पुन्हा 'उंऽऽ'. त्यांची भक्ती काही संपेना. महाराजांना पाय मागं घेता येईना, कारण पाया पडणाऱ्या म्हातारीला कोणता महाराज लाथ मारील? आणि हात सोडला तर संकल्प मोडतो, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

"महाराज," सत्यभामाबाईंनी शांतपणे विचारलं, "तुमाले कोनाची बाधा झाली?"

मांडवात कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. महाराजांनी हात सोडवून घेतला आणि ही नास्तिकांची लहर आहे वगैरे सुरू केलं, पण पौर्णिमा उभी राहिली होती. तिला बोलायचं होतं. पहिलाच शब्द अडकला. शेकडो माणसं पाहत होती. प्राजक्ताच्या जिभेवर पुढचा शब्द येऊन उभा राहिला, नेमका, अगदी बरोबर. तिनं तो दातांखाली धरला. तळव्यांना पाणी सुटलं, पण ते पादुकांवर नव्हते.

"पा... पाट उ... उलटा करा," पौर्णिमा म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाट उलटा केला. पादुकांखालून दोन तारा, एक चपटी बॅटरी, नखाएवढे दोन ट्रान्झिस्टर आणि मुलांच्या खेळण्यातला भोंगा. चंदन नव्हतंच, साध्या लाकडावर अत्तर. पौर्णिमानं त्यातला एकेक भाग बोट ठेवून सांगितला, अडखळत, पण एकही चूक न करता. तिचं संपेस्तोवर महाराज मागच्या दारानं ध्यानाला निघून गेले होते. विभूतीचा डबा मात्र मागंच राहिला होता. मैनाबाईंनी त्याचा वास घेतला आणि माझ्या नातवाला हीच पावडर लावते, असं म्हणून खाली ठेवला.

भीती वाटण्यात लाज नाही. लेकरू आहे तोवर आईचे हात ओले होणारच. फक्त ते कोणाच्या पाटावर टेकवण्याआधी पदराला पुसावेत, आणि पाट एकदा उलटून पाहावा. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्यांनी तर दोनदा पाहावा.

परतीच्या ऑटोत सत्यभामाबाई म्हणाल्या, "बुवानं उपाय बराबर सांगतला. माणूस तेवढा चुकला. मौन तू धर वं, सव्वा महिना."

प्राजक्तानं धरलं. त्या दिवशी जेवताना पौर्णिमा जिब्रानबरोबर पुढं काय बनवायचंय ते सांगत होती आणि एका शब्दावर अडकली. प्राजक्तानं घाईघाईनं भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला आणि चावत राहिली. वाक्य संपलं तेव्हा पिठलं गार झालं होतं. मुलीला काय बनवायचंय, याचा आईचा अंदाज या वेळीही साफ चुकलेला होता.