चष्म्याविना विणलेली चटई

फुआतिनोने बावन्नाव्या वर्षी चष्मा काढून ठेवला, तेव्हा सवाई बेटावरच्या आमच्या गावाने चर्चमध्ये देवाचे आभार मानले. केवड्याच्या पानांच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या ती उघड्या डोळ्यांनी विणू लागली होती. मुलाला घराण्याच्या प्रमुखाचा मान मिळेल त्या दिवशी आपली तलम चटई गावाने पाहावी, आपणही पाहावी, एवढंच तिला हवं होतं.

विणकामाच्या घरात ती शेजारी बसून विणणाऱ्या लागीला म्हणाली, "चष्मा पूस गं, म्हातारे. एकच पट्टी दोनदा मोजतेस."

"आणि तू रस्त्यात ओळख देत नाहीस," लागी म्हणाली. "काल हात हलवून माझा खांदा दुखला. लेक प्रमुख व्हायच्या आधीच आईला माज!"

बायका हसल्या. फुआतिनोही हसली. रस्त्यापलीकडचं माणूस दिसत नाही, हे तिने सांगितलं नाही. गोड कोकोचा तिसरा पेला संपला तरी तिची तहान भागत नव्हती.

दवाखान्यात नर्स असलेल्या तेलेसियाने, तिच्या भाचीने, बोटाला सुई टोचली.

"आत्या, उपाशीपोटी साखर एकवीस, म्हणजे तिप्पट! आपल्याकडच्या मापात सातच्या आत हवी. साखरेने डोळ्याचं भिंग फुगलंय, म्हणून जवळचं दिसतंय. हा आजार आहे."

"मग गावाने देवाचे आभार काय आजाराबद्दल मानले?"

तरी तिने गोळ्या घेतल्या. साखर उतरली आणि पट्ट्या धूसर झाल्या. जुना चष्माही जुळेना.

"दीड महिना थांब," तेलेसिया म्हणाली. "नजर स्थिरावली की नवा करू."

दीड महिना लागीसमोर रिकाम्या हातांनी बसायचं? फुआतिनोने गोळ्या डुकरांच्या खरकट्यात टाकल्या. काही आठवड्यांत पट्ट्या पुन्हा लख्ख दिसू लागल्या. तिने भाचीला निरोप धाडला : तुझ्या औषधाने नेलेले डोळे देवाने परत दिले.

दोन वर्षांनी डोळ्यांपुढे काळे धागे तरंगू लागले, मग पडदा आला. चटईची शेवटची हातभर वीण तिने बोटांनी चाचपून पुरी केली. कुणाला सांगितलं नाही.

समारंभात बायकांनी चटई कडांना धरून मैदानात फिरवली. गाव ओरडत होतं. पुढचं टोक फुआतिनोच्या हातात, शेजारचं लागीच्या. शेवटच्या हातभरात वीण वेडीवाकडी झाली होती. लागीने ती केव्हाच पाहिली होती.

"कशी दिसतेय गं?" फुआतिनोने हळूच विचारलं.

"तूच बघ की," लागी म्हणाली. "तुला कुठे चष्मा लागतो?"