माझ्या पाठीवरची लग्नं

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. दुकानातून आणलेला नव्हे, घरी केलेला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझे चौसष्ट पत्ते राहतात. निम्म्यांवर एकेक शब्द, निम्म्यांवर त्याचं चित्र. पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे. शब्द आणि त्याचंच चित्र हाती आलं, तर जोडी तुमची. सोपं वाटतं ना? पण माझे शब्द कानाला सारखेच लागतात. 'दिन' म्हणजे दिवस, त्याचं चित्र उगवता सूर्य. 'दीन' म्हणजे गरीब, त्याचं चित्र हात पसरलेला माणूस. डोळे उघडे ठेवून वाचल्याशिवाय माझ्याशी खेळताच येत नाही. निदान मला घडवणाऱ्या बाईंची तशी समजूत होती.

विनोदिनीबाई पोलादपूरहून सकाळच्या एसटीने आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावात शिकवायला येत. बाई नेमधर्माच्या. आवाज इतका हळू, की मागची मुलं मान पुढे काढून ऐकत. दर श्रावणात त्यांचा काही ना काही नेम असे; कधी वाती वळायच्या, कधी मौनाने जेवायचं. त्या वर्षी त्यांनी देवापुढे हात जोडून ठरवलं, की रोज मुलांसाठी एक जोडी करीन आणि मगच घास घेईन. अशा तीस दिवसांत माझ्या तीस जोड्या झाल्या.

पुठ्ठा कुठला, तर लग्नपत्रिकांचा. गावात पत्रिका कुणी फेकत नाही. वर गणपती असतो, तो पायाखाली येऊ नये म्हणून घरोघरी त्या तारेला अडकवून ठेवतात. बाईंनी त्या मागून आणल्या. गणपती अलगद कापून वेगळे ठेवले आणि अनंत चतुर्दशीला सावित्री नदीत सोडले. उरलेल्या पत्रिकेचे मधोमध दोन तुकडे केले. कोऱ्या बाजूला एकावर शब्द, दुसऱ्यावर चित्र. पाठीवर सोनेरी वेलबुट्टी तशीच राहिली. काय सांगू, भारी देखणा दिसत होतो मी!

वर्गात माझं कौतुक झालं. जोड्या पटापट जुळत. अंकिता नावाची मुलगी तर दहातल्या सहा एकटीच नेई. तालुक्याचे साहेब आले, त्यांनीही बाईंना शाबासकी दिली.

पण मित्रांनो, माझ्या पाठीवर एक लबाडी होती. पत्रिका मधून कापली, की एका तुकड्यावर नवऱ्याचं नाव येई आणि दुसऱ्यावर नवरीचं. पत्ते पालथे मांडले, की सगळी नावं वर. गावात कुणाचं लग्न कुणाशी झालं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'रघुवीर' दिसला की मुलं 'मैथिली' शोधत आणि जोडी उचलत. पुढच्या बाजूचा शब्द वाचतो कोण? "लग्न लाव गो," असं एकमेकींच्या कानात सांगून खुदकन हसत. बाईंचं सारं लक्ष अक्षरांवर. पाठीकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

दिवाळीनंतर नौशीन चौथीत आली. तिचे वडील, उबेद, कुवेतला गाडी चालवतात. ती आणि तिची आई नसीबा तिकडून नुकत्याच गावी परतल्या होत्या. नौशीन एकेक पत्ता उलटून, ओठ हलवत, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. पण गावातली लग्नं तिला कुठून माहीत असणार? रोज तिच्यापुढे शून्य जोड्या. मुलं तिला 'ढ' म्हणू लागली. बाईंनाही वाटलं, पोरीचं मराठी कच्चं आहे. हळूहळू नौशीनने माझ्याकडे हात पुढे करणंच सोडलं.

संक्रांत झाल्यावर एका शुक्रवारी शाळा सुटताना नसीबा दाखल्याचा अर्ज घेऊन आली. पोरीला महाडला मावशीकडे ठेवणार, दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घालणार, मराठी तिला झेपत नाही, असं तिने सांगितलं. मग अर्जासोबत तिने वहीचं एक पान पुढे केलं.

"बाई, जाता जाता एक इचारते. आठ दिस झाले, पोर ही यादी पाठ करतेय. रघुवीर-मैथिली, देवव्रत-इरावती, अनिल-अनुपमा. शेजारणींना इचारून इचारून लिवलीय तिनं. ह्यो मराठीचा कुठला धडा हाय?"

बाईंनी ते पान नीट वाचलं. त्यांनी डबा उघडला आणि मला टेबलावर पालथं मांडलं. त्या दिवशी त्यांनी माझी पाठ पहिल्यांदा वाचली. रघुवीर. मैथिली. त्यांचा हात तिथेच थांबला.

"नसीबाताई, नौशीन कच्ची नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझा खेळ कच्चा आहे. हा अर्ज सोमवारपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. सोमवारी अकराला या. मग तुम्ही म्हणाल तसं."

नसीबा म्हणाली, "येते. पण तवर आनखी कुणाचं लगीन लावू नका."

माझ्या साठही पाठी एकसारख्या होईपर्यंत जेवणात मीठ घ्यायचं नाही, असं बाईंनी त्याच संध्याकाळी देवापुढे ठरवलं. वह्यांना घालायचा खाकी कागद घेतला, कणकेची खळ शिजवली. शनिवारी शाळेतून आल्यावर पहिले बारा पत्ते चिकटवले, तर ओल्या खळीने ते पापडासारखे वळले. बाईंनी ते सोडवले, खळ घट्ट केली आणि पुन्हा चिकटवून पाटाखाली दाबले. वर वरवंटा ठेवला. रविवारी अंगणातल्या उन्हात पाहिलं, तर काहींची सोनेरी नावं खाकीतूनही चमकत होती. त्यांना दुसरा कागद लावला. बोटं खळीने कडक झाली, पण बाई उठल्या नाहीत. साठावा पत्ता वाळला तेव्हा सोमवार उजाडला होता.

सोमवारी नसीबा दाराशी उभी राहिली, अर्ज हातात धरून. बाईंनी दहा जोड्या पालथ्या मांडल्या. सगळीकडे खाकीच खाकी.

"बाई, नवरा-नवरी गेली कुठं?" अंकिताने विचारलं.

"संसाराला लागली," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही वाचायला लागा."

अंकिताने दोन पत्ते उलटले, चुकली. पुन्हा उलटले, पुन्हा चुकली. नौशीनची पाळी आली. तिने 'सूत' उलटला आणि दुसरा पत्ता उचलला, तर त्यावर आईच्या मांडीवरचा मुलगा. "हा तो नाय," ती स्वतःशीच म्हणाली. "ह्यो सुत, म्हंजे पोरगा. मला दोरा हवा." दोन्ही पत्ते तिने होते तिथे ठेवले. चार पाळ्यांनी रिळाचं चित्र कुणाच्या तरी हातून उलटलं गेलं. नौशीन जागची हलली नाही, नुसती बघत राहिली. तिची पाळी येताच तिने सरळ 'सूत' आणि रीळ हे दोन पत्ते उचलले आणि आईकडे पाहिलं.

त्या दिवशी तिला दोन जोड्या मिळाल्या, अंकितालाही दोनच. नसीबाने अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "पाठीमागनं कोरा हाय. कायतरी लिवा त्येच्यावर."

त्या अर्जाच्या चार तुकड्यांना पुठ्ठा आणि खाकी पाठ लावून माझ्या शेवटच्या दोन जोड्या झाल्या, 'शिर' आणि 'शीर'. अक्षर नौशीनचं आहे. बाईंनी मीठ मात्र मंगळवारी घेतलं, कारण सोमवारी त्यांचा उपास असतो.

आता नौशीन महाडच्या हायस्कुलात शिकते. मराठीतूनच. शाळेत टीव्ही आला आणि माझा डबा कपाटावर गेला. पावसाळ्यात सर्द होतो, कोपरे उसवतात. मित्रांनो, मला कधी खाली काढलंत तर ऊन दाखवा, खेळून झाल्यावर पत्ते मोजून ठेवा. आणि तुमच्यातलं कुणी रोज हरत असलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी एवढंच करा. मला उलटून पाहा.