भावोजींची कार्यशाळा

माझे भावोजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाताला एकही घट्टा नव्हता. इमारतींचे नकाशे तपासणाऱ्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. लोकांनी आणलेल्या नकाशांवर लाल पेनाने रेघा ओढायच्या, ‘दुरुस्त करून आणा’ असा शेरा मारायचा आणि जेवायला घरी यायचं, एवढाच त्यांचा बांधकामाशी संबंध. मी सुतार. दारं, खिडक्या, कपाटं, जिने यांत माझं आयुष्य गेलं. चारचौघांत माझी ओळख करून देताना भावोजी म्हणायचे, “हे आमचे सुतारबुवा,” आणि समोरच्याकडे बघून जरासं हसायचे. ते हसू मी कधी विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांचा निरोप आला. घरामागच्या बागेत त्यांना सुतारकामाची खोली बांधायची होती. ते खोली म्हणत नव्हते, ‘कार्यशाळा’ म्हणत होते. मी गेलो तर जेवणाच्या टेबलावर चार रंगांत काढलेले नकाशे पसरलेले. दिव्यांच्या जागा हिरव्या, कपाटं निळी. भुसा गोळा करायच्या डब्यालासुद्धा क्रमांक दिलेला. जन्मात एक खुंटी ठोकली नव्हती या माणसाने, पण भुसा कुठे पडणार हे त्याला ठाऊक होतं.

“दहा बाय दहा,” ते म्हणाले. “इंच न् इंच विचारात घेतलाय.”

नकाशाच्या मधोमध गोल पात्याचं करवत-मशीन होतं.

“हे इथेच राहणार?” मी विचारलं.

“काँक्रीटमध्ये बोल्ट मारून. हलता कामा नये.”

“भावोजी, मशीन मावेल हो. लाकूड कुठे मावणार? आठ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट लागतात आणि पलीकडे आठ फूट.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नकाशे घेऊन खिडकीशी ताटकळणाऱ्या लोकांकडे ते असंच पाहत असणार. “तू जुन्या वळणाचा माणूस आहेस. मी यावरचे दोनशे व्हिडिओ पाहिलेत. तू फक्त एक बरा गवंडी बघून दे.”

ताई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता ती नकाशाकडे बघत राहिली. “दार मशीनच्या मागे घेतलं तर निदान शेपूट तरी बाहेर राहील,” ती म्हणाली.

“कसलं शेपूट?”

“फळीचं.”

भावोजी हसले. “तू कप ठेव.” आणि खरं सांगायचं तर मीही हसलो.

गवंडी मीच पाठवला. बांधकाम दोन महिने चाललं. ताईचा वांगी-मिरच्यांचा वाफा पहिल्याच दिवशी उखडला गेला आणि कपडे वाळत घालायच्या तारा गच्चीवर गेल्या. भावोजी बागेत खुर्ची टाकून, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून बसायचे. भिंत कमरेएवढीसुद्धा झाली नव्हती, म्हणजे त्या डोक्यावर पडायला आकाशाशिवाय काही नव्हतं. विटांच्या प्रत्येक थरावर ते पाणसळ ठेवून बघायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. गवंडी मला फोन करून म्हणायचा, “तुमच्या साहेबांना दोन दिवस गावाला पाठवा, मी छप्पर टाकून मोकळा होतो.” दार तेवढं त्याने स्वतःच्या सोयीने मशीनच्या मागच्या भिंतीत काढलं. नकाशात ते बाजूला होतं. त्यावर भावोजी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त काम उरकलं.

मग खरेदी सुरू झाली. पटाश्यांचा बारा नगांचा संच, शिकंजे, गुण्ये, धार लावायचा दगड. सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात, ओळीने मांडलेलं. बोहारणीच्या टोपलीतसुद्धा भांडी जरा घासलेली दिसतात; इथे एकाही वस्तूला बोट लागलं नव्हतं.

उद्घाटनाला त्यांनी कचेरीतले चार जुने सहकारी बोलावले. चौघांचेही हात भावोजींसारखेच, लोण्यासारखे. मी ताईने बोलावलं म्हणून गेलो. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर माझी नजर खिळली.

तिथे आमच्या बाबांचे तीन रंधे होते. बाबाही सुतार होते. शेवटची दोन वर्षं ते ताईकडे होते आणि त्यांची हत्यारांची पेटी तिच्याकडेच राहिली होती. भावोजींनी रंध्यांना चकचकीत व्हार्निश फासलं होतं. लाकडालाच नव्हे, पात्यांनासुद्धा. आणि प्रत्येकाच्या अंगातून आरपार स्क्रू घालून ते भिंतीवर पक्के केले होते.

“जुन्या काळची शोभा,” भावोजी पाहुण्यांना सांगत होते. “आता यांचा उपयोग काय?”

माझ्या तोंडात शिवी आली होती. ताईने माझा दंड धरला. “थांब,” ती हळूच म्हणाली.

भावोजींनी गॉगल चढवला, मशीन सुरू केलं आणि आठ फुटी फळी पात्याला लावली. मागचे तीन फूट दाराबाहेर, बागेत. पाच फुटांपर्यंत सगळं झकास चाललं. पाहुण्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग फळीचं तोंड समोरच्या भिंतीला टेकलं.

“मागे घ्या!” ताई ओरडली. “बंद करा आणि फळी फिरवा, दुसऱ्या टोकाकडून घाला!”

पण चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना ‘दुरुस्त करून आणा’ सांगितलं, तो बायकोच्या सांगण्यावरून फळी कशी फिरवणार? त्यांनी अंगाचा भार देऊन ढकललं. फळी वाकडी झाली, पातं तिच्यात आवळलं गेलं, मोटार घुसमटली. जळका वास आला आणि घरातले सगळे दिवे गेले.

एक पाहुणा खोकला. भावोजी म्हणाले, “कंपनीचा दोष आहे. मी लिहून कळवतो.”

ताईने पदर खोचला. नव्या संचातला स्क्रूड्रायव्हर तिने वेष्टन दातांनी फाडून बाहेर काढला आणि भिंतीवरचा मधला रंधा उतरवला. पाचर ठोकून पातं मोकळं केलं, पटाशीच्या कडेने त्यावरचं व्हार्निश खरवडलं, दगडावर पाणी टाकून धार लावू लागली. मी बघत राहिलो. पात्याचा कोन, मनगटाची ठेवण, मध्येच अंगठ्याच्या नखावर धार तपासणं, सगळं बाबांचं होतं. मग तिने फळी सोडवून शिकंज्यांनी भिंतीशी असलेल्या बाकाला आवळली, उरलेले तीन फूट हातकरवतीने चिरले आणि कडेवरून रंधा फिरवला. कागदासारखी पातळ, अखंड साल निघाली आणि एका साहेबांच्या बुटावर जाऊन पडली.

“वहिनी, तुम्हाला हे येतं?” त्यांनी विचारलं.

“येतं,” ताई म्हणाली.

मला ते माहीत नव्हतं. मी तिचा सख्खा भाऊ.

पाहुणे गेल्यावर भावोजी दोन दिवस खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून ताई सकाळचं आवरून तिथे जाऊ लागली. तिने कोणाची परवानगी विचारली नाही. मेलेलं मशीन गवंड्याकडून उपटून घेतलं आणि त्या जागी लांब बाक केला. आधी स्वतःसाठी स्टूल, मग शेजारणीचा पाट, मग पलीकडच्या बालवाडीची सहा बाकडी. भावोजी दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात आणि आल्यागेल्याला सांगतात, “आमची कार्यशाळा. नकाशा माझाच.” ताई त्यांना दुरुस्त करत नाही. दिवसातून एकदा भुसा तेवढा त्यांच्याकडून झाडून घेते, आणि तोही त्यांना धड झाडता येत नाही.

बाकड्यांच्या वेळी तिने मला हाताशी बोलावलं. मी एका बाकड्याचे पाय जोडले आणि कारागिराच्या तोऱ्यात बाजूला झालो. तिने एका हाताने पाय हलवून पाहिला.

“ढिला आहे.”

“गोंद वाळला की बसेल,” मी म्हणालो.

“गोंदावर काम ढकलायची तुझी सवय जुनीच. बाबा तुला शिकवायचे तेव्हा तुझं लक्ष रस्त्यावर असायचं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायचे, ते तुमच्यापैकी कोणाला दिसलं नाही.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तू आणि बाबा, दोघंही हसला होतात.”

तिने हातोडीने पाय ठोकून सुटा केला आणि माझ्यासमोर टाकला. भावोजींनी वर्तमानपत्र जरासं खाली करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत मला आपुलकी दिसली, आणि तिची मला भयंकर लाज वाटली. मी पटाशी उचलली आणि सांधा पुन्हा कोरायला बसलो.