घोटणीच्या डोळ्यांदेखत

मी घोटणी बोलतेय. चांदीवर घासून तिला चकाकी आणायचं हत्यार: एक लाकडी मूठ आणि टोकाला गुळगुळीत दगड. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्याचं नवल नाही. तुम्हाला दागिने माहीत. ते कशाने होतात याच्याशी तुम्हाला काय देणंघेणं!

ओढ्यातून मला उचललं एका चांदीच्या कारागिराच्या बायकोने. ती प्रत्येक दगड जिभेने ओला करून बघते, म्हणजे घासल्यावर कसा दिसेल ते कळतं. माझ्यावर ना रेघ, ना ठिपका. "हा नुसताच टणक आहे, मूठ बसवून घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. माझ्याबरोबरचे रंगीत दगड अंगठ्यांत गेले. चांदीच्या घरात घरजावयासारखे बसलेत, आयुष्यात काडी उचलली नाही. आणि कौतुक त्यांचंच! वर गिऱ्हाइकं विचारतात, "खरा आहे ना हो?" दगड खोटा कसा असतो, ते त्यांनाच ठाऊक.

तीस वर्षं मी कारागिराच्या हातात होते. तो दगड कोंदणात ठेवायचा, कोंदणाची कड दाबून त्यावर आणायचा, मग मला फिरवायचा. हात हलका होता, एवढं कबूल करते. याहून जास्त कौतुक माझ्याकडून कुणाचं व्हायचं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी त्याला दिसेनासं झालं. सरळ सांगायचं? छे! बल्ब मंद आहे, पत्रा वाईट आहे, बायकोने दगड नीट घासला नाही. एकदा तर म्हणाला, "ही घोटणीच कामातून गेली." मी! माझ्या अंगावर आजही ओरखडा नाही. बायको त्याच्याहून वरचढ. तो बोलेल त्याला मान डोलवायची आणि त्याची पाठ वळली की राहिलेल्या कडा गुपचूप दाबायची. दोघांचाही मला वीट आला होता.

मग एका शिक्षिकेने कानातली करायला सांगितली. बायकोने एकच दगड मधोमध चिरून दोन लंबगोल तुकडे केले. दोन्हींवर एकेक तांबूस कमान होती, आरशातल्यासारखी, तोंडं समोरासमोर. घासल्यावर असल्या दगडाचं वरचं टोक कुठलं ते बोटांना कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. त्याने एक उलटा बसवला, आणि दोन्ही कमानींची तोंडं एकाच बाजूला झाली. बायकोने पाहिलं आणि नेहमीप्रमाणे मूग गिळून बसली.

शिक्षिका आली. कानातली उजेडात धरून म्हणाली, "वा! दोन्ही अगदी एकसारखी!"

डोळे असून काही न दिसणारी अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

कारागिराचा चेहरा उतरला. "एकसारखी?" त्याने ती हातात घेऊन अंगठा फिरवला. मग बायकोला विचारलं, "अगं, तोंडं समोरासमोर नाहीत?"

"नाहीत."

"तुला दिसलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"अहो, चालेल मला," शिक्षिका म्हणाली. "कुणाला कळतंय!"

"मला कळतंय. दोन दिवसांनी या."

ती गेल्यावर त्याने मला बायकोच्या हातात ठेवलं. "तूच कर. मला दिसत नाही गं." एवढं वाक्य बोलायला त्याला दोन वर्षं लागली.

तिने सुरीच्या टोकाने कोंदण उघडलं. दगड फुटला तर दुसरा तसा नव्हता. तो शेजारी दिवा धरून बसला, तोही भलतीकडेच.

"जरा डावीकडे घ्या," ती म्हणाली. त्याने निमूटपणे सरकवला. दगड शाबूत निघाला.

आता मी तिच्या हातात असते. ती फार जोर लावते. तो बाजूच्या स्टुलावर बसून माझा आवाज ऐकतो आणि "हळू, हळू" म्हणतो. तुमच्याबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. पण एक मागणं आहे. दागिना हातात घ्याल तेव्हा लगेच वाहवा करू नका. आधी नीट बघा, मग जे दिसेल तेच बोला. तो तिथेच बसलेला असतो, आणि आपलं काम कसं झालंय हे आता त्याला तुमच्याच तोंडून कळतं.