खांद्यावरचा हात

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण दर ओळीला ‘हे’ आणि ‘आमचे हे’ लिहीत बसले तर वाचणाऱ्याचं आयुष्य कमी होईल, म्हणून सरळच सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव गोपाळ. सासरे जोतीराम, मूळचे केम गावचे, सोलापुरातल्या एका मोठ्या गिरणीत विणाईखात्याचे मुकादम. मी प्रेमला. मराठी सातवीपर्यंत शिकलेली आणि तोंडाळ. पैकी शिक्षणाचं माझ्या वडिलांनी लग्न ठरवताना सांगितलं होतं, तोंडाचं सासरच्यांना नंतर कळलं.

मुकादम म्हणजे काय चीज असते ते गिरणीच्या चाळीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. पहाटेचा भोंगा झाला की बदली कामगार गेटाच्या भिंतीला पाठ लावून रांगेनं उभे राहायचे. कायमचा माणूस आजारी पडला, गावी गेला, दारू पिऊन पडला, तरी त्याचा माग रिकामा ठेवून चालत नाही. त्या मागावर त्या दिवसापुरता कोण, हे ठरवायचे मामंजी. गुलाबी पटका बांधून ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. तोंडातून शब्द नाही. ज्याच्या खांद्यावर हात ठेवतील तो आत, बाकीचे घरी. आमच्या चाळीतल्या बायका नवऱ्याला ‘काम मिळालं का’ असं विचारतच नसत. ‘हात लागला का?’ एवढंच विचारत.

मामंजींच्या हाताचा दरारा असा होता. केमची निम्मी तरणी पोरं त्यांनीच गाडीत बसवून सोलापूरला आणली, कामाला लावली, कुणाची लग्नं जमवली, कुणाच्या मयतीला खांदा दिला. मला ते आवडायचे. हेही सरळच सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात मी नवऱ्याच्या बाजूनं होते असं कुणाला वाटेल, आणि तेही खरंच आहे.

छत्तीस सालची गोष्ट. गोपाळ पुण्याहून बी.ए. होऊन घरी बसले होते. एका दुपारी वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की मुंबईत समाजसेवेची एक नवीच शाळा निघते आहे. पदवी झालेल्यांनाच घेणार, दोन वर्षं शिकवणार. कामगारांची भरती, त्यांची तब्येत, त्यांची गाऱ्हाणी, सगळं शास्त्रानं. गिरण्यांना पुढं असे अधिकारी लागतील, असंही लिहिलं होतं. गोपाळनी त्याच दिवशी अर्ज लिहायला घेतला.

“काय शिकिवत्यात तितं?” मामंजींनी विचारलं.

“गिरणीत माणसं कशी घ्यायची आणि कशी सांभाळायची, ते शिकवतात आप्पा.”

मामंजी मांडीवर थाप मारून असे हसले की शेजारची अंबुबाई दारात येऊन उभी राहिली. “आगं अंबुबाय, ऐकलंस का? म्या जे अडाण्यागत करतुया, त्येची मंबईत शाळा काढलीया! बी.ए.च्या वरची!”

झालं. त्या दिवसापासून अख्ख्या मंगळवार पेठेत बातमी फिरली की जोतीराम मुकादमाचा मुलगा बापाचंच काम शिकायला मुंबईला निघालाय, फक्त इंग्रजीतून. गोपाळ गप्प बसले. बापाचा आनंद मोडवेना, असं त्यांनी मला सांगितलं. माझं मत असं की पुरुषांना तोंड दिलंय ते जेवायला. खरं बोलायची वेळ आली की त्यांचा घास नेमका तेव्हाच अडकतो.

मामंजींनी मात्र शिकवणी सुरू केली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून ते मुलाला आपली विद्या द्यायचे. “तोंड बगू नगंस. तोंड समद्यांचंच गरीब असतंय सकाळच्या पारी. हात बग. आन् इच्यार, काल कुटं जेवलास. खोटं बोलनारा लगीच सांगतो, खरा जरा थांबतो.” गोपाळ मान डोलवत ऐकायचे. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायचे आणि तव्यावरची करपायची, कारण अर्जात गोपाळनी काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं.

मुलाखतीला बोलावणं आलं. गोपाळ मुंबईला जाऊन चौथ्या दिवशी परतले, ते थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. मामंजी पाळीवर होते.

“घेतलं त्यांनी मला,” ते म्हणाले.

“मग तोंड असं का?”

“त्यांनी विचारलं, गिरणीत पहिली कुठली गोष्ट बदलाल? मी सांगितलं, गेटावरची निवड. ती मुकादमाच्या हातात नको. मग मी आप्पांचं सगळं वर्णन केलं. पटका, रांग, खांद्यावरचा हात. इतकं चांगलं सांगितलं गेलं, प्रेमला, की ते तिघेही लिहायचं सोडून ऐकत बसले. बाकी कुणाला असलं काही सांगताच आलं नसेल.” मग जरा थांबून म्हणाले, “आप्पांच्या जिवावर आत गेलो आणि आप्पांनाच उठवणार.”

“हे त्यांना सांगा.”

“सांगतो की.”

सांगतो की! पेढे वाटून झाले, ट्रंक भरून झाली, गाडी सुटली, तरी सांगून झालं नाही.

पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात गोपाळ घरी आले. एखाद्या गिरणीत राहून कामगार कसे घेतले जातात ते प्रत्यक्ष बघायचं, असं शाळेनं सांगितलं होतं. त्यांनी आपलीच गिरणी निवडली. मामंजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला. रोज पहाटे बाप पुढं आणि लेक मागं, असे दोघं गेटावर निघायचे. मामंजी रांगेला सांगायचे, “ह्यो माजा ल्योक. साळंतनं आलाय बगायला, आपुन कसं करतो त्ये.”

रांगेच्या शेवटी दुधनीचा ईरप्पा उभा असायचा. उंच, हाडकुळा, बोलताना मराठीत कानडी मिसळणारा. रोज यायचा, आणि रोज मामंजींचा हात त्याच्या अलीकडच्या माणसापर्यंत येऊन थांबायचा. आठवडाभर बघून गोपाळनी घरी विचारलं, “आप्पा, ईरप्पाला कामच येत नाही का?”

“येतंय की. लई झ्याक येतंय.”

“मग?”

“त्येच्या मागाचा धोटा मोडला व्हता. मला सांगायचं सोडून त्यो मॅनिजरकडं गेला. आता मॅनिजरनंच लावावा हात.” आणि मामंजींनी शांतपणे ताटातली शेंगाचटणी भाकरीवर घेतली. त्यात त्यांना वावगं असं काहीच वाटलं नव्हतं. वर्ष उलटून गेलं होतं त्या धोट्याला, मागावर आडवं सूत नेणाऱ्या एका लाकडी तुकड्याला. ईरप्पाची बायको निंगव्वा तेव्हा आमच्याच चाळीत धुणीभांडी करत होती, हे त्यांना माहीत होतं. तिच्या पोराला ते गूळही देत.

गोपाळ उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ओट्यावर बसले होते. “आप्पा वाईट माणूस असते तर सोपं होतं,” ते म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. बाप चांगला आहे म्हणून त्याला अंधारात ठेवायचं, हा कुठला न्याय?

अडतीस साली गोपाळ परीक्षा पास होऊन आले आणि त्याच गिरणीत कामगार अधिकारी म्हणून लागले. मॅनेजरला बाहेर कुठंतरी चाललेली नवी रीत आपल्याकडं आणायची होती. बदली कामगारांची नावं आधी नोंदवायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा, आणि रोज नंबरानंच आत घ्यायचं. आज ज्याचा नंबर लागला नाही तो उद्या पहिला. मुकादमांनी यापुढं फक्त मागांवर लक्ष ठेवावं. एक तारखेपासून सुरू. आणि मुकादमांना ही गोष्ट नव्या अधिकाऱ्यानंच समजावून सांगावी, असा हुकूम.

बाकीच्या खात्यांच्या मुकादमांना गोपाळनी सांगितलं. घरच्या मुकादमाला नाही. “उद्या सांगतो,” “आज त्यांचं डोकं दुखतंय,” “जेवण होऊ दे,” असं करता करता महिना संपत आला. बाकीचे मुकादम मामंजींशी बोलेनासे झाले. मामंजींना वाटलं, मुलगा साहेब झाला म्हणून जळतात.

शेवटच्या दिवशी दुपारी मामंजींनी पटका माझ्यापुढं टाकला. “सुनबाई, ह्येला आज चांगली खळ कर. उद्या पोरगं गेटावर हुबं ऱ्हानार माज्या संगं. बाप-ल्योक. दोन हात!” आणि त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. कापसाची कुसं जाऊन जाऊन खरखरीत झालेले.

मला ते बघवेना. मी पटका खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. एक शब्द राखून ठेवला नाही. नंबर, रांग, उद्यापासून हात नाही, आणि हे ठरवणारा कोण. परक्याच्या तोंडून, सगळ्या रांगेसमोर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

मामंजींनी पटका उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “मंबईला बी त्यानं ह्येच सांगितलं व्हतं? त्या बोलाचालीत?”

“व्हय.”

“आन् तरी घेतला त्येला?”

“त्याच्यावरच घेतला, मामंजी.”

“मंग चांगलं सांगितलं आसंल,” ते म्हणाले. त्यांनी पटक्याची घडी केली आणि पेटीत ठेवून दिली. गोपाळ घरी आल्यावर मी सांगितलं की मी बोलले. ते माझ्यावर चिडले, मग खाली बसले, मग म्हणाले, बरं केलंस. जेवताना बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. मुकादमकी उरली होती म्हणा ना, मागांवर लक्ष ठेवायची. पण मामंजी हात धुताना मला म्हणाले, “ज्येला मान्सं निवडता येत न्हाईत, त्यो कसला मुकादम? मी आदी इनकर व्हतो, मागावरचा. हात अजून चालत्यात.”

सकाळी उठून बघते तर ते कधीच गेलेले. भाकरीसुद्धा घेतली नव्हती. मी फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून गेटावर गेले.

गेटाशी टेबल टाकून गोपाळ बसले होते. नेहमीसारखीच रांग होती, पण सगळे सारखे टेबलाकडं बघत होते, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांत पुढं ईरप्पा. नाव नोंदवायला तोच पहिला आला होता. गोपाळनी नंबर पुकारला आणि ईरप्पा मागं वळून न बघता आत गेला. त्यानं का बघावं? मग एकेक जण पुढं सरकू लागला. आणि रांगेच्या शेवटी, ईरप्पा जिथं रोज उभा असायचा नेमका तिथंच, डोक्यावर जुनी टोपी घालून मामंजी उभे होते. त्यांनी सकाळी येऊन, बाकीच्यांची नावं होईपर्यंत थांबून, बदलीत नाव नोंदवलं होतं. कारकुनाची लिहिताना बोलायची हिंमत झाली नव्हती.

गोपाळनी वर बघितलं आणि तेव्हा कुठं त्यांना मामंजी दिसले. ते खुर्चीवरून उठले. नंबर सोडला, टेबल सोडलं, रांगेच्या कडेनं थेट शेवटपर्यंत चालत गेले. त्यांच्या चालण्यात मला मामंजींची चाल दिसली. आणि जवळ जाऊन, काही बोलता येईना म्हणून, त्यांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

रांगेत एकदम कुजबुज झाली. “हात लावला! साहेबानं हात लावला!” पुढचे दोघंतिघं आपापली जागा सोडून मागं वळले. कुणीतरी म्हणालं सुद्धा, “व्हयच की, घरचा मानूस.”

“हात काड,” मामंजी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “नंबरानं घे.”

गोपाळनी हात काढला. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही. ते टेबलाकडं परत गेले आणि नंबर पुकारू लागले. रिकामे माग मामंजींच्या बऱ्याच आधी संपले. त्या दिवशी त्यांचा नंबर लागला नाही.

बाकीचे पांगल्यावर आम्ही दोघं गिरणीच्या भिंतीच्या सावलीला बसलो. मी फडकं सोडलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. दुसरा हात ते आपल्याच खांद्यावरून फिरवत होते, जिथं गोपाळनी हात ठेवला होता तिथं.

“लई बरं वाटतं गं सुनबाई,” ते म्हणाले. “हात पडला की. मला ठावंच नव्हतं किती बरं वाटतं त्ये.”

भिंतीपलीकडं माग सुरू झाले होते.

“आन् ईरप्पा रोज येत व्हता,” मामंजी म्हणाले.