पाच नंबरचं मशीन

मी काही दूधखुळी नाही. मुंबईच्या कचेरीचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळून चुकलं. पाचही कॉम्प्युटरांवर युनिक्स हे नवं सॉफ्टवेअर चढलं की मासळी-निर्यातीच्या आमच्या ऑफिसात दोन ऑपरेटर कशाला, एकच पुरे. म्हणजे खुर्शीद नाहीतर मी! तिचा भाऊ कुवेतला. माझ्या घरी कमावणारी मी एकटी.

ते चढवायला मुंबईहून रावजी साहेब आले. पूर्वी एकेका मशीनला फ्लॉप्यांची चळत भरवावी लागे. आता म्हणे सगळं एकदाच सर्व्हरवर घालायचं, तिथून वायरीने पाचही मशीनं आपापलं ओढून घेतात. "चारपर्यंत एकही मशीन बंद करू नका," त्यांनी बजावलं.

का बरं? आणि खुर्शीद सकाळपासून त्यांच्या कानाला का लागलेली? डब्यातली तळलेली सुरमई काय, "घ्या ना, साहेब" काय! मी जवळ गेले की दोघं गप्प. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून खिशात घातलं, तेही मी पाहिलं. पाच नंबरच्या मशीनवर माझं चार वर्षांचं काम. सर्व्हरवरून तेच पुसत असतील तर? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तीनला साहेब चहाला गेले, खुर्शीद डबा धुवायला. लाइट खालीवर झाली की मशीन वाचवायला प्लग उपटायचा, ही आमची रोजची सवय. तेव्हा लाइट अगदी ठीक होती. तरी मी पाच नंबरचा प्लग उपटला. वळून बघते तर दारात खुर्शीद! आता ही चुगली करणार, झालं.

साहेब आले, मशीन लावलं, तर पडदा काळा. अर्धं जुनं, अर्धं नवं, मधेच मेलेलं.

"प्लग कोणी काढला?" साहेब कडाडले.

"मी, साहेब," खुर्शीद म्हणाली. "लाइट खालीवर झालीशी वाटली."

साहेबांनी खिशातला कागद काढला. "सकाळपासून माझ्या मागे लागल्येस, दोघींचीही गरज आहे असं कळवा म्हणून. मी लिहिलंही होतं. आता कुठल्या तोंडाने पाठवू?" त्यांनी तिच्या नावावर काट मारली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण डोक्यात एकच, माझा दोष ही स्वतःवर का घेत्येय? ह्यात हिचा काय डाव? मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. ती नुसती रडत होती. डाव काही दिसला नाही, आणि मी गप्पच राहिले.