ह्यांची काही हरकत नाही

रुख्मिणीनं होल्डॉलचे पट्टे पुन्हा सोडले, वरची सतरंजी उचलून आतलं सगळं जागच्या जागी आहे ना पाहिलं आणि पट्टे परत आवळले. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती माजघर-ओसरी करत होती. दुपारच्या गाडीनं मलकापूर सोडायचं, मनमाडला गाडी बदलायची, पुढं बंगलोर. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटची अजून दोन वर्षं राहिली होती, आणि ही डॉक्टरेट काही घरी बसून ग्रंथ लिहून मिळणारी नव्हती. रोज दवाखान्यात रोग्यासमोर बसायचं, त्याला बोलतं करायचं. सुट्टी संपून हजर झाली नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल, असं तिथल्या सरांनी बजावलंच होतं.

मग घोडं अडलं कुठं? कोणी आडवं आलं असतं तर भांडून गेली असती बाई! पण इथं तर अख्खं घर तिला घालवायला कंबर कसून उभं होतं.

"आमची सून डॉक्टर होऊन राह्यली," सासरे उत्तमराव ओसरीवर शेजारच्या आशाबाईंना सांगत होते. "सुई टोचणारी नाही, मनाची."

"आन् भगवंतरावले करमते काय एकट्याले?"

"त्याले काय होते!"

"उलट खुशीच हाये त्याले," सासूबाईंनी, कलाबाईंनी, उंबऱ्यात बसूनच री ओढली.

"ह्यांची काही हरकत नाही," रुख्मिणीही सवयीनं बोलून गेली. आणि तिनं जीभ चावली.

भगवंतराव, तिचा नवरा, तिथंच खांबाशी बसून तिच्या ट्रंकेला दोरी बांधत होते. शाळेत पोरांपुढं घसा फोडणारा हा मास्तर घरात मिठाची गुळणी धरून असायचा. आताही त्यांनी मान वर केली नाही.

तिला एकदम दवाखाना आठवला. बेळगावकडचे मराठी रोगी तिच्या वाट्याला येत. प्रश्न विचारावा रोग्याला आणि उत्तर द्यावं बापानं, चुलत्यानं, नाहीतर सोबत आलेल्या गावच्या पाटलानं! मग ती सगळ्यांना गोड बोलून बाहेर काढी, दार लावी आणि रोगी बोलेपर्यंत गप्प बसून राही. त्यात तिचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. आणि घरात? पहिल्यांदा जाताना, सुट्टीत येताना, ह्या माणसाच्या वतीनं सगळ्यांत जास्त बोलली होती ती तीच. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"जरा आत या," ती नवऱ्याला म्हणाली. सासूबाईही उठल्या.

"तुम्ही नका येऊ, आत्याबाई. ह्यांच्याशीच बोलायचं हाये."

दिवसाढवळ्या सून नवऱ्याला आत बोलावून दार लोटते म्हणजे काय! कलाबाई बघतच राहिल्या.

"मी जाऊ काय?" रुख्मिणीनं विचारलं.

"ठरलं ना सारं."

"ते घरानं ठरवलं. मी तुमाले विचारून राह्यली."

भगवंतराव गप्प. दवाखान्यात अशी शांतता ती सहज पेलायची. इथं ती पेलवेना. जाऊ द्या, म्हणून विषय मोडून टाकावा असं दहादा ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"नको जाऊ," ते म्हणाले. "मले नाही करमत. शाळा सुटली का घरी यावंसंच वाटत नाही. कोनी विचारलं नाही, मंग सांगू कोनाले?"

रुख्मिणी भिंतीला टेकली. एवढं साधं विचारायला तिला इतके दिवस लागले होते.

बाहेर टांगा येऊन थांबला. "चला हो, गाडीचा टाइम झाला!" टांगेवाल्यानं हाक दिली. "बाई येते ना?"

भगवंतरावांनी घाईघाईनं डोळे पुसले. "येते, येते!" ते आतूनच ओरडले आणि दाराकडे निघाले.

"तुम्ही काऊन सांगता?" तिनं त्यांचं मनगट धरलं. "मले विचारा ना."

ते वळले. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"जायचं हाये तुले?"

आजवर सगळे तिला पाठवत होते, ती नुसती जात होती.

"हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "जायचंच हाये मले."